अर्थिंगचा खड्डा बुजवायच्या आधी मोजून घ्या

घराचं बांधकाम संपत आलं की इलेक्ट्रिशियन सामानाची यादी देतो आणि त्यात शेवटी शेवटी लिहिलेलं असतं, अर्थिंग पाइप, मीठ एक गोणी, कोळसा एक गोणी. मालक आणून देतो, कंपाउंडच्या कोपऱ्यात खड्डा होतो, पाइप उभा राहतो, मीठ-कोळशाचे थर पडतात, वरून माती, दोन बादल्या पाणी, झालं अर्थिंग. त्या पाइपचा रेझिस्टन्स, म्हणजे तिथून मातीत जाताना करंटला होणारा अडथळा, किती ओहम आला हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. मला काळजी वाटते ती ह्याचीच, कारण चांगलं अर्थिंग आणि निकामी अर्थिंग वरून बघितलं तर अगदी सारखंच दिसतं. फरक फक्त मोजल्यावर कळतो, नाहीतर ज्या दिवशी गिझरच्या बॉडीत करंट उतरतो त्या दिवशी कळतो.

म्हणून इथे अर्थ इलेक्ट्रोड म्हणजे जमिनीत जाणारा तो पाइप, रॉड किंवा प्लेट कसा बसवायचा, कोडमधे त्याबद्दल काय म्हटलंय आणि का म्हटलंय, हे जमेल तितकं सोपं करून लिहितोय. आपल्याकडे ह्यासाठी मुख्य स्टँडर्ड आहे आयएस ३०४३, त्याची १९८७ ची आवृत्ती बरीच वर्षं चालली आणि मग २०१८ साली सुधारित आली. त्याच्या जोडीला कायद्याचं बंधन असलेले केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आहेत, आधी १९५६ चे भारतीय विद्युत नियम होते, त्यांच्या जागी २०१० चे आले आणि आता २०२३ चे आहेत.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. "अर्थिंग केलं की करंट जमिनीत जिरतो" असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण करंट कुठेही जिरत नाही, तो जिथून निघाला तिथेच परत जातो, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर आपल्याकडे गावात आणि उपनगरात बहुतेक दोनच तारांची असते, एक फेज आणि एक न्यूट्रल, आणि डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो तिथे, त्या न्यूट्रलला कंपनीनं जमिनीत अर्थ केलेलं असतं. आता तुमच्या गिझरमधली एलिमेंट फुटली आणि फेज बॉडीला लागला, तर करंट बॉडीतून हिरव्या वायरनं तुमच्या खड्ड्यात, तिथून मातीतून डीपीच्या खड्ड्यात, आणि तिथून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला असा फिरतो. ह्या रस्त्यात दोन ठिकाणी माती आहे, आणि माती तांब्याच्या तारेच्या मानानं फारच वाईट वाहक आहे.

हिशोब करून बघू. समजा तुमच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स ३० ओहम आला आणि डीपीचा २ ओहम धरला, तर २३० व्होल्टला ३२ नी भागलं की साधारण ७ अँपिअर करंट येतो. गिझरला १६ अँपिअरचा एमसीबी आहे, म्हणजे प्रमाणाबाहेर करंट गेला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच, त्याला हे ७ अँपिअर म्हणजे रोजचाच लोड, तो पडणार नाही, आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. आणि तोपर्यंत गिझरच्या बॉडीवर, नळावर सुमारे २१५ व्होल्ट बसलेले असणार. ओल्या अंगानं हात लावला आणि शरीराचा रेझिस्टन्स १००० ओहमच्या आसपास धरला तर अंगातून २०० मिलिअँपिअरच्या वर करंट जातो, आणि माणसाच्या जिवाला धोका सुरू होतो तो साधारण ३० मिलिअँपिअरच्या पुढे.

बरं मग खड्डा खूप चांगला केला, ५ ओहम आला, तर? करंट होतो ३३ अँपिअर, म्हणजे एमसीबीच्या दुप्पट, तरी तो लगेच पडत नाही, कारण बी टाइपचा एमसीबी झटक्यात पडायला त्याच्या रेटिंगच्या ३ ते ५ पट करंट लागतो आणि सी टाइपला ५ ते १० पट, त्यामुळे तो आतली पट्टी गरम होऊन हळूहळू पडणार, मिनिटभरही लागू शकतं, आणि तेवढा वेळ बॉडीवर दीडशेच्या वर व्होल्ट. बी टाइपचा १६ चा एमसीबी नक्की झटक्यात पाडायचा तर ८० अँपिअर पाहिजेत, म्हणजे खड्डा, माती, डीपी सगळं मिळून ३ ओहमच्या आत. साध्या घरात एका पाइपवर हे जवळजवळ कुठेच होत नाही.

हे नीट लक्षात घ्या, कारण बाकी सगळं ह्याच्यावर उभं आहे: फक्त खड्डा आणि एमसीबी ह्या जोडीनं माणूस वाचत नाही. खड्ड्याच्या जोडीला आरसीसीबी लागतोच, ३० मिलिअँपिअरचा. फेजनं गेलेला करंट आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट ह्यात फरक पडला की तो पडतो, आणि त्याला खड्ड्यातून अगदी थोडा करंट गेला तरी पुरतो. ५० व्होल्टपर्यंतचा टच व्होल्टेज, म्हणजे बॉडीला हात लावल्यावर अंगावर येणारा व्होल्टेज, चालवून घ्यायचा असं धरलं तर ५० भागिले ०.०३ म्हणजे कागदावर १६६६ ओहमचा खड्डासुद्धा चालतो. अर्थात म्हणून कुणी १५०० ओहमवर समाधान मानू नये, असा खड्डा उन्हाळ्यात कुठे जाईल सांगता येत नाही, ब्रिटिश वायरिंगच्या नियमांतसुद्धा म्हटलंय की २०० ओहमच्या वरचा इलेक्ट्रोड स्थिर राहीलच असं नाही. पण ह्यातून कळतं की "५ ओहमच पाहिजे", "१ ओहमच पाहिजे" असे जे आकडे साइटवर फेकले जातात ते सबस्टेशन, कारखाने, कॉम्प्युटर रूम अशा ठिकाणचे असतात, घराच्या बाबतीत खरा प्रश्न असा की तुमचा खड्डा आणि तुमचा ब्रेकर ह्यांची जोडी जमते का.

आणि आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग नको असंही नाही. अर्थिंग नसेल तर गिझरची बॉडी शांतपणे २३० व्होल्टवर बसून राहते आणि आरसीसीबी पडतो तो कुणीतरी हात लावल्यावर, म्हणजे टेस्टिंग माणसावर होतं. अर्थिंग असेल तर फॉल्ट होताक्षणीच पडतो, घरात कुणी नसताना सुद्धा.

आता प्रत्यक्ष इलेक्ट्रोड. आयएस ३०४३ मधे मापं स्पष्ट दिलीत. रॉड असेल तर जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, किमान १६ मिमी जाडीचा, तांब्याचा १२.५ मिमी, लांबी किमान अडीच मीटर. जीआय पाइप असेल तर आतला व्यास किमान ३८ मिमी, लांबी तीच अडीच मीटर. प्लेट असेल तर ६० सेंमी बाय ६० सेंमी, जीआयची ६.३ मिमी जाड, तांब्याची ३.१५ मिमी, आणि प्लेटची वरची कड जमिनीखाली किमान दीड मीटर. पट्टी आडवी पुरायची असेल तर जीआयची २५ बाय ४ मिमी, किमान १५ मीटर लांब आणि अर्धा मीटर तरी खोल चरात. इलेक्ट्रोडला रंग, वंगण, डांबर काहीही लावलेलं चालत नाही, धातू थेट मातीला भिडला पाहिजे. आणि इमारतीपासून दीड मीटर तरी लांब.

ह्यातली लांबी सगळ्यात महत्त्वाची आणि बाजारात फसवणूक होते तीही लांबीतच. लोकांना वाटतं जाड पाइप म्हणजे चांगलं अर्थिंग, पण गणित वेगळं सांगतं. ज्या मातीची रेझिस्टिव्हिटी (माती करंटला किती अडवते त्याचं माप) १०० ओहम-मीटर आहे, म्हणजे मध्यम प्रतीची माती, तिथे १६ मिमीचा अडीच मीटर रॉड साधारण ३९ ओहम देतो. त्याच जागी जवळजवळ तिप्पट जाडीचा पाइप घातला तर ३२ ओहम, म्हणजे जाडी तिप्पट केली तरी १८ टक्केच फायदा. पण रॉड तोच ठेवून लांबी दुप्पट केली, ५ मीटर, तर २२ ओहम. शिवाय खोल गेलं की ओलावा टिकून असतो, तो फायदा ह्या गणितात धरलेलाच नाही. त्यामुळे पैसे घालायचेच तर रॉड खोल नेण्यात घाला.

असं का होतं तर करंट रॉडमधून बाहेर पडून चहूबाजूला पसरतो, आणि रॉडभोवतीची माती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी धरली तर सगळ्यात आतला पापुद्रा सगळ्यात लहान, म्हणजे करंटला जागा कमी आणि अडथळा जास्त. बाहेर जावं तसा पापुद्रा मोठा होत जातो आणि अडथळा नगण्य होतो. १६ मिमीच्या ३ मीटर रॉडचा जवळजवळ दोन तृतीयांश रेझिस्टन्स रॉडपासून पहिल्या एका फुटातच असतो आणि ३ मीटरच्या आत ९४ टक्के. म्हणजे दोन गोष्टी ठरल्या. एक, रॉडला चिकटलेली माती चांगली पाहिजे, तिथे पोकळी राहिली किंवा दगडगोटे पडले की संपलं. दोन, दोन रॉड लावायचे तर एकमेकांपासून लांब, कोडमधे लांबीच्या दुप्पट अंतर म्हटलंय, म्हणजे अडीच मीटरच्या रॉडना ५ मीटर. वरच्याच मातीत ५ मीटरवर दोन रॉड लावले तर मिळून २१ ओहमच्या आसपास येतात आणि अर्ध्या मीटरवर लावले तर २६, एकाच खड्ड्यात दोन पाइप टाकून "डबल अर्थिंग केलंय" म्हणणाऱ्याला हे दाखवा.

आणि मग माती. महाराष्ट्रात मातीचा प्रकार जिल्ह्यागणिक बदलतो त्यामुळे नाशिकला जमलेलं रत्नागिरीत जमेलच असं नाही. विदर्भ मराठवाड्यातली खोल काळी माती ओली असताना अर्थिंगसाठी फार चांगली, १० ओहम-मीटरच्या आसपास धरली तर एकच रॉड ४ ओहम देतो. पण हीच काळी माती उन्हाळ्यात आकसते, हात आत जाईल अशा भेगा पडतात, आणि वरच्या भागात ती रॉडपासून सुटते, म्हणून तिथे रॉड अडीच ऐवजी तीन मीटर आणि वरचं टोक जरा खाली ठेवणं फायद्याचं. कोकणात आणि गोव्यात जांभा, पाऊस कितीही पडो पाणी खाली निघून जातं आणि एप्रिलमधे जांभा कोरडा ठणठणीत, तिथे रेझिस्टिव्हिटी ५०० ओहम-मीटरच्या वर सहज जाते आणि मग तोच रॉड १९५ ओहम दाखवतो. घाटमाथ्यावर आणि पठारावर दोन फुटांवर मुरूम आणि पाच फुटांवर काळा पाषाण, तिथे तर रॉड आत जातच नाही.

अशा ठिकाणी पहार लागली दगडाला की लोक रॉड कापून टाकतात, वरून झाकणाचं चेंबर बसवतात आणि आत दीड मीटरच रॉड आहे हे कुणाला कळतच नाही. ही शुद्ध फसवणूक आहे आणि त्यात जीव गुंतलेला आहे. दगड लागला तर रॉड तिरका घालून बघता येतो, किंवा जागा बदलून, किंवा सरळ आडव्या पट्टीचा पर्याय घ्यायचा. ५०० ओहम-मीटरच्या जमिनीत १५ मीटर पट्टी अर्धा मीटर खोल पुरली तर हिशोबानं ५० ते ५५ ओहम येतात, त्याच जमिनीतल्या उभ्या रॉडच्या जवळजवळ पावपट. फक्त पट्टी उथळ असते म्हणून ती जिथे वर्षभर पाणी घातलं जातं अशा बाजूनं न्यायची, कुंपणाच्या झाडांच्या ओळीतून, परसबागेतून.

मीठ-कोळशाबद्दल माझं मत आता स्पष्ट सांगतो. मीठ टाकल्यानं रेझिस्टन्स कमी होतो हे खरंच आहे, स्टँडर्डमधेही मीठ, सोडा, कोळसा ह्यांचा उल्लेख आहे. पण मीठ पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातं, दोन-तीन पावसाळ्यांनी फायदा ओसरत जातो, आणि जे उरतं ते जीआयचं जस्त खातं आणि मग लोखंड. म्हणजे पहिल्या दिवशी मोजलं तर छान रीडिंग आणि काही वर्षांनी आत गंजलेला सांगाडा. शेजारी विहीर किंवा बोअर असेल तर मीठ अजिबात नको. त्याच्याऐवजी बेंटोनाइट वापरा, ती एक प्रकारची चिकण मातीच, पाणी धरून ठेवते आणि फुगून रॉडला घट्ट बसते, किंवा चांगल्या कंपनीचं बॅकफिल कंपाउंड, म्हणजे रॉडभोवती भरायचं तयार मिश्रण. काहीच परवडत नसेल तर चाळलेली काळी माती सुद्धा मीठ-कोळशाच्या थरांपेक्षा जास्त वर्षं साथ देते असं माझं म्हणणं आहे. भट्टीतला कोक, दगडी कोळशाचा चुरा हे मात्र टाळाच, त्यानं इलेक्ट्रोड झपाट्यानं गंजतो असं आयएस ३०४३ मधेच बजावलंय.

बसवायची जागा निवडताना नळाची लाइन, ड्रेनेज आणि आता शहरात पाइप गॅसची लाइन कुठून गेलीय हे आधी बघा, आंधळेपणानं पहार मारू नका. ओलावा असलेली जागा शोधा, एसीचं पाणी पडतं ती बाजू, बागेतला वाफा. रॉड ठोकता आला तर ठोकूनच घाला, कारण ठोकलेल्या रॉडला न हललेली घट्ट माती चारही बाजूंनी मिळते, खणून भरलेल्या खड्ड्यात ती कधीच तशी बसत नाही. ठोकताना डोक्यावर ड्रायव्हिंग कॅप लावायची, नाहीतर घणानं टोक फुलतं आणि नंतर क्लॅम्प बसत नाही. खणायचाच असेल तर भरताना वितभर थर, पाणी, धुम्मस, पुन्हा थर असं करत यायचं, आणि खड्ड्यात साइटवरचं डबर, विटांचे तुकडे, सिमेंटची पिशवी असलं काहीही जाऊ द्यायचं नाही. ह्या कामाच्या वेळी तिथे उभं राहा, कारण एकदा भरल्यावर आत काय आहे ते कुणालाच कळत नाही.

कॉपर बॉन्डेड, म्हणजे लोखंडावर तांब्याचा थर चढवलेला रॉड घेणार असाल तर तांब्याचा थर २५० मायक्रॉन आहे का हे विचारा, टेस्ट सर्टिफिकेट मागा. नुसतं तांब्याचं पाणी दिलेले रॉड दिसायला तसेच लालसर असतात आणि ठोकताना दगडावर घासून आतलं लोखंड उघडं पडतं, मग गंज उघड्या जागेवर जोरात लागतो. प्लेटच्या भानगडीत घरासाठी मी पडणार नाही, खड्डा मोठा, खर्च जास्त, आणि जोड दोन मीटर खाली जिथे पुन्हा कधी बघता येत नाही.

रॉडपासून मेन बोर्डापर्यंत येणारी तार हा दुसरा कच्चा दुवा. आपल्याकडे ८ नंबरची जीआय तार सर्रास उघडीच मातीतून नेतात, तिचं क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस मिमी, आणि गंजापासून संरक्षण नसलेली पुरलेली तार लोखंडाची असेल तर किमान ५० चौरस मिमी पाहिजे, तांब्याची असेल तर २५. म्हणजे ८ नंबर तार चौथ्या हिश्श्यालाच आली. २५ बाय ४ ची जीआय पट्टी आणली की १०० चौरस मिमी मिळतात, प्रश्नच मिटतो. घराच्या आत हिरवी वायर फेजच्याच साइजची ठेवा, १६ चौरस मिमीपर्यंत हाच नियम आहे, "अर्थला काय कमी साइज चालते" हे ऐकू नका. तांबं आणि जीआय थेट जोडून मातीत पुरलं की ओलाव्यात जस्त झपाट्यानं झिजतं, म्हणून जोड चेंबरमधे कोरड्यात घ्यायचा, टिन केलेला लग, स्टीलचे नटबोल्ट, आणि झाकण असं की उघडता येईल. झाकणावर टाइल लावून टाकणारे लोक बघितलेत, तसं करू नका.

आता मोजणी. नियमांत १९५६ पासून लिहिलेलं आहे की लाइन चालू करायच्या आधी अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजला पाहिजे, आणि वीज पुरवणाऱ्यानं आपले अर्थ दोन वर्षांतून एकदा तरी कोरड्या ऋतूत कोरड्या दिवशी मोजून नोंद ठेवली पाहिजे. कोरडा दिवस हे मुद्दाम म्हटलंय. जुलैत मोजून चांगलं रीडिंग आलं ह्याला काही किंमत नाही, मोजायचं एप्रिल-मेमधे.

मोजायचं कसं तर अर्थ टेस्टरनं, ज्याला साइटवर अर्थ मेगर म्हणतात. इलेक्ट्रोडपासून ३० मीटरवर एक खुंटी ठोकायची, तिच्यातून टेस्टर करंट सोडतो, आणि मधे ६२ टक्क्यांवर म्हणजे साधारण साडेअठरा मीटरवर दुसरी खुंटी, तिथे व्होल्टेज मोजतो. मग मधली खुंटी तीन मीटर पुढे आणि तीन मीटर मागे घेऊन पुन्हा रीडिंग. तिन्ही जवळपास सारखी आली तर आकडा खरा, खूप वेगळी आली तर करंटची खुंटी अजून लांब न्यायची. इलेक्ट्रोड मोजताना घराच्या अर्थपासून सोडवावा लागतो, आणि सोडवायच्या आधी मेन बंद करा, हे विसरू नका, कारण तेवढा वेळ घर बिनअर्थचं असतं. शहरात ३० मीटर मोकळी जागा नसते, तिथे लूप टेस्टरनं फेजपासून पूर्ण चक्कर मोजतात, त्यात डीपीचा रेझिस्टन्सही धरला जातो त्यामुळे आकडा थोडा जास्त येतो, पण चूक सुरक्षित बाजूला होते.

मल्टिमीटरनं फेज आणि अर्थमधे २३० व्होल्ट दाखवले म्हणजे अर्थिंग चांगलं असं होत नाही, मल्टिमीटर जवळजवळ करंट घेतच नाही, हजार ओहमच्या खड्ड्यावरही तो २३० दाखवेल. बल्ब लावून बघणं ही तर सगळ्यात प्रचलित पद्धत, पण १०० वॉटचा बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी घेतो, ३० ओहमच्या खड्ड्यावर जेमतेम १३ व्होल्ट पडतात आणि बल्ब फुल्ल पेटतो. सगळे खूश होतात, आणि आपण वर बघितलं की ह्याच ३० ओहमवर एमसीबी जन्मात पडत नाही. शिवाय त्या वेळी घरातल्या सगळ्या अर्थ केलेल्या बॉडींवर तो व्होल्टेज चढतो, आणि अर्थ कुठे तुटलेला असेल तर बल्बमधून फेज थेट बॉडीवर येतो, म्हणून ही पद्धत सोडाच.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगायची आहे. सॉकेटमधे अर्थ पोचत नसेल तर काही जण न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात, टेस्टरला सगळं बरोबर दिसतं. मागे कुठे न्यूट्रल सुटला की फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या बॉडीवर पूर्ण फेज येतो, काहीही बिघडलेलं नसताना. आणि बोर्डात न्यूट्रल-अर्थ एकत्र करणारे आजकाल यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून करतात. तिथली पद्धत वेगळी आहे, तिथे मेन पॅनेलमधे न्यूट्रल आणि ग्राउंड जोडणं नियमानंच बंधनकारक आहे, फॉल्टचा करंट धातूच्या तारेनं परत जातो, मातीतून नाही, आणि तिथला ८ फुटी रॉड मुख्यतः वीज पडणं, सर्ज ह्यांच्यासाठी असतो. म्हणूनच तिथे एका रॉडला २५ ओहमच्या आत नाही दाखवता आलं तर ६ फुटांवर दुसरा रॉड ठोका आणि पुढे जा एवढंच म्हटलंय. तिकडे घर घेतलेल्या आपल्या लोकांनी तिकडचा कोड पाळावा, पण इथे दोन तारांच्या सर्व्हिसवर तसं केलं आणि खांबावरचा न्यूट्रल तुटला तर अख्ख्या घराचा लोड तुमच्या खड्ड्यातून जायला बघतो आणि घरातली प्रत्येक अर्थ केलेली बॉडी करंट मारते.

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून काढून टाकला असं ऐकलं की पहिला संशय हाच घ्या, कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ भिडलेत किंवा दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत गेलेत. आरसीसीबी काढणं हा त्यावर उपाय नाही, तो बरोबरच सांगतोय. त्याच्यावरचं टेस्ट बटण महिना-दोन महिन्यांनी दाबून बघत जा. आणि लक्षात ठेवा की तो ओव्हरलोडला पडत नाही, त्यासाठी एमसीबी वेगळा लागतोच, दोन्ही एकात पाहिजे तर आरसीबीओ मिळतो.

ज्यांचं घर अजून पायाच्या पातळीला आहे त्यांच्यासाठी अजून एक चांगला पर्याय आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अॅरिझोनाच्या कोरड्या वाळवंटी भागात बॉम्ब साठवायच्या कोठारांना अर्थिंग मिळेना, तेव्हा हर्बर्ट उफर ह्या इंजिनिअरनं पायाच्या काँक्रीटमधल्या सळयाच इलेक्ट्रोड म्हणून वापरल्या. जमिनीला टेकलेलं काँक्रीट ओलावा ओढून धरतं, त्यामुळे ते कोरड्या मातीपेक्षा बरं वहन करतं, आणि सळई आत गंजत नाही. आता तिथल्या कोडमधे किमान २० फूट सळई ह्यासाठी धरतात. जांभ्यावर किंवा पाषाणावर घर बांधत असाल तर फुटिंग भरायच्या आधी आर्किटेक्ट आणि परवानाधारक विद्युत ठेकेदार दोघांना एकत्र बसवून हे विचारा, सळया वेल्ड किंवा क्लॅम्प करून एक पट्टी वर काढून ठेवायला फार खर्च येत नाही, पण काँक्रीट पडल्यावर हे करता येत नाही. फक्त फुटिंगखाली प्लास्टिक अंथरलेलं असेल तर उपयोग नाही.

विहिरीवरच्या मोटरला मात्र घराच्या अर्थवर अवलंबून ठेवू नका. लांबून आलेली तार, पत्र्याचा स्टार्टर, चिखलात उभा माणूस, तिथे विहिरीजवळच स्वतंत्र इलेक्ट्रोड आणि थ्री फेज आरसीसीबी पाहिजेच, मीठ न घालता.

फ्लॅटमधे राहणाऱ्यांना खड्डा दिसत नाही पण तो असतोच, तळमजल्यावर मीटर रूमजवळ, आणि तिथून एक पट्टी सगळ्या मजल्यांवर गेलेली असते. सोसायटीच्या मीटिंगमधे लिफ्ट आणि पाण्याच्या टाकीवर तासभर बोलणं होतं, त्यात मे महिन्यातलं अर्थिंगचं रीडिंग किती हा प्रश्न एकदा विचारा आणि रीडिंग, तारीख, मोजणाऱ्याचा परवाना क्रमांक चेंबरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायला सांगा. पुढच्या मे महिन्यात आकडा बराच वाढलेला दिसला तर लगेच नवीन खड्ड्याचं कोटेशन मागवू नका, आधी चेंबरमधला जोड उघडून पॉलिश पेपरनं घासून, नट आवळून पुन्हा मोजा, बऱ्याचदा दोष मातीत नसून त्या एका गंजलेल्या बोल्टमधे निघतो.